आवाज येतोय का?

आमच्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री नऊनंतर सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, सांगा पाहू? "हॅलो, आवाज येतोय का?" एक जण जिन्याच्या वळणावर, एक कूलरपाशी, एक तर खिडकीतून अर्धी बाहेर! रेंजच तशी आहे. मीही रोज हेच ओरडते. पण गेल्या वर्षीपासून हे वाक्य तोंडात आलं की मी जरा अडखळते. जवळजवळ हाच प्रश्न एका डॉक्टरांनी माझ्या मावसभावाला विचारला होता. त्याने अगदी खरं उत्तर दिलं, आणि त्या खऱ्या उत्तराने मावशीच्या घरातले कित्येक महिने खाल्ले.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि निबंध म्हणजे 'माझा आवडता ऋतू'. त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द येतील, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा विषय मराठीतच लिहायला हवा होता. का, ते पुढे कळेल.

मावशी कराडजवळ राहते. काका महावितरणच्या सबस्टेशनवर यंत्रचालक आहेत. भाऊ (त्याला आपण भाऊच म्हणू) आता चौदा वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना त्याला ऑटिझम आहे असं निदान झालं. तो बोलतो, पण मोजकं. विचाराल तेवढंच सांगतो, आणि विचाराल तेच सांगतो. लेख लिहू का म्हणून मी त्यालाही विचारलं. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "नाव नको. उंची लिही." तर त्याची उंची पाच फूट चार इंच आहे.

गेल्या वर्षी गणपतीत त्याचं रात्रीचं जागणं सुरू झालं. अंथरुणात बसून कुणाशी तरी बोलायचा, कान दाबून धरायचा, मध्येच "नाही येणार" म्हणायचा. आधी सगळ्यांना वाटलं ढोल-ताशाचा त्रास असेल, कारण मोठे आवाज त्याला पहिल्यापासून सोसत नाहीत. अनंत चतुर्दशी झाली, मांडवाचे बांबूसुद्धा गेले, तरी थांबेना. मग घरातल्या मोठ्यांनी जे करायचं ते केलं. देवऋषी झाला, अंगारा झाला, उतारा झाला. तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण मावशी जे म्हणाली ते मला अजून खोडता आलेलं नाही. ती म्हणाली, "त्याने निदान तासभर सगळं ऐकून घेतलं गं. लहानपणापासूनचं." अंगाऱ्याने काही झालं नाही, हे सांगायला नकोच.

त्यानंतर डॉक्टर.

पहिल्या डॉक्टरांकडे चार मिनिटं मिळाली. त्यांनी भाऊला विचारलं, "तुला आवाज ऐकू येतात का रे?" भाऊ म्हणाला, "हो." "किती?" भाऊने मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं आणि सांगितलं, "सहा." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. गोळी सुरू झाली.

परत येताना एसटीत मावशीने त्याला विचारलं, सहा कुठले रे? त्याने बोटांवर मोजले. पंखा. ट्यूबलाइट. बाहेरची रिक्षा. एक बाळ रडत होतं. कंपाउंडरचा मोबाइल. आणि डॉक्टर.

म्हणून म्हटलं, हे मराठीतच लिहायला हवं. इंग्रजीत 'साउंड' वेगळा आणि 'व्हॉइस' वेगळा. आपल्याकडे पंख्याचाही आवाज, आजीचाही आवाज, आणि डोक्यात कुणी नसताना बोलतं तोही आवाजच. ज्या मुलाला ट्यूबच्या चोकची गुणगुण तुमच्या-माझ्यापेक्षा दहापट टोचते, जो प्रत्येक शब्दाचा सरळ अर्थ घेतो, त्याला "आवाज ऐकू येतात का" विचारणं म्हणजे पोहणाऱ्याला "ओला झालास का" विचारण्यासारखं आहे. तो हो म्हणणारच. मी ईअँडटीसीची, सिग्नल आणि नॉइज यांवर आमचे दोन पेपर असतात. पण एका शब्दात दोन्ही कोंबल्यावर काय गोंधळ होतो, हे मला त्या एसटीच्या गोष्टीनेच शिकवलं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) रात्री ज्याच्याशी भाऊ बोलायचा, तो त्या सहांत नव्हताच. मावशीने विचारलं, मग रात्रीचा कोण? तर म्हणाला, "तो रात्री येतो. डॉक्टरांनी आत्ताचं विचारलं."

म्हणजे डॉक्टरांचं उत्तर कदाचित बरोबर होतं, पण रीत चुकली होती. आमच्याकडे वायव्हाला याचे मार्क देत नाहीत.

गोळीने तो दिवसभर झोपायला लागला, खा-खा करायला लागला, दोन महिन्यांत पँटी बसेनात. आणि शांतही झाला. सगळे म्हणाले, बघा, लागू पडली, म्हणजे तेच होतं. इथे एक गोष्ट मी वाचून समजून घेतली, ती सांगते. रिस्पेरिडोन नावाचं औषध स्किझोफ्रेनियात देतात. तेच औषध ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी आणि आदळआपटीसाठी द्यायला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. म्हणजे तेच औषध दोन वेगळ्या कारणांसाठी चालतं. त्यामुळे मूल शांत झालं एवढ्यावरून 'आवाज होते' हे सिद्ध होत नाही, आणि 'नव्हते' हेही नाही. आउटपुट बदललं म्हणजे फॉल्ट सापडला असं होत नाही, हे आपल्याला सेकंड इयरच्या लॅबमध्ये शिकवतात. घरात मात्र विसरतो.

दुसरे डॉक्टर मोठ्या शहरातले. त्यांनी सहा आवाजांची गोष्ट ऐकली, मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, ऑटिझमची मुलं स्वतःशी बोलतातच, ऐकलेली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणतात, काळजी नको, थेरपी वाढवा. म्हणून थेरपी सेंटरला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, हे आमच्यातलं नाही, आधी सायकियाट्रिस्टचं पत्र आणा. शाळेने सांगितलं, पत्र येईपर्यंत घरीच ठेवा. आणि या सगळ्यात काकांनी गोळी आपल्या मनाने बंद करून टाकली. ती चूक होती, तसं नंतरच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलंही. पण एका दारावर 'आजार आहे', दुसऱ्या दारावर 'आजार नाही' आणि तिसऱ्या दारावर 'आमचा नाही' असं ऐकलेल्या माणसाने काय करावं?

माझा या लेखातला मुद्दा हाच आहे. आपल्याकडे ऑटिझमची दारं आहेत आणि मनाच्या आजाराची दारं आहेत. दोन्ही एकाच मुलात असतील, तर त्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये आई-बाप फाइल घेऊन उभे राहतात.

असं का झालं, याचा मी लायब्ररीत बसून थोडा शोध घेतला. 'ऑटिझम' हा शब्दच मुळात स्किझोफ्रेनियाच्या पोटातून आला आहे. स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९११ च्या ग्रंथात तो स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून वापरला. पुढे १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमला स्वतंत्र ओळख मिळाली. तरीही कितीतरी वर्षं अशा मुलांवर 'बालवयातला स्किझोफ्रेनिया' असा शिक्का बसत होता. १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात, म्हणजे डीएसएम-तीनमध्ये, दोन्ही रीतसर वेगळे झाले. ते योग्यच झालं. त्याआधी किती मुलांना चुकीचे उपचार मिळाले असतील, कोण जाणे! पण वेगळं करताना मध्ये जी भिंत बांधली, तिला दार ठेवायचं राहून गेलं. आपल्या मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बिल्डिंगसारखं. मेकाट्रॉनिक्सचा प्रोजेक्ट असला की गाईड कोण, यावरच एक महिना जातो.

खरं तर बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आत स्किझोफ्रेनिया होणं फार दुर्मीळ. म्हणून कुणी घाईने शिक्का मारू नये हे ठीकच. पण ऑटिझम असलेल्यांना मोठं होताना सायकोसिसचा त्रास होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, असंही अभ्यास सांगतात. मग "यांचं असं असतंच" म्हणून हसून पाठवून देणं कसं चालेल?

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात रात्री अडीच वाजता काकांना गच्चीचं दार वाजलेलं ऐकू आलं. भाऊ वर उभा होता, कठड्याजवळ. काका काही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. (मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी हुशारी ही. ओरडले असते तर?) थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "तो म्हणाला चल वर." काका म्हणाले, "आता खाली चल म्हणून मी सांगतो." आला. दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप लागलं आणि दोघं आलटून-पालटून त्याच्या खोलीत झोपायला लागले.

त्याच दिवशी काकांनी वही सुरू केली. सबस्टेशनवर दर तासाला प्रत्येक फीडरचं रीडिंग लॉगशीटवर लिहायचं, ट्रिपिंग झालं तर वेळ आणि त्याआधी काय झालं ते नोंदवायचं, हे त्यांचं रोजचं काम. तेच त्यांनी घरी केलं. दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, काय म्हणाला, कुणाच्या सुरात म्हणाला, त्याआधी काय घडलं, झोप किती, खाल्लं काय. काकांचे हे रकाने बघून आपले जर्नल लिहिणारे लाजतील!

पाच-सहा आठवड्यांत वहीत दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. "ए रोबो, उतर" हे वाक्य फक्त शाळेच्या व्हॅनच्या दिवसांमध्ये होतं, रविवारी नाही, सुट्टीत नाही. (शाळेने मधल्या काळात त्याला परत घेतलं होतं, अर्धा दिवस.) आणि तो ते वाक्य ज्या सुरात म्हणायचा, तो सूर व्हॅनमधल्या एका मोठ्या मुलाचा होता. म्हणजे तो भूत नव्हता, भासही नव्हता. कुणीतरी रोज त्याला खरोखर तसं म्हणत होतं आणि रात्री त्याच्या डोक्यात ते जसंच्या तसं वाजत होतं. "चल वर" मात्र कुणाच्याच सुरात नव्हतं. ते व्हॅनच्या दिवशीही यायचं, सुट्टीतही यायचं, आणि बहुतेक वेळा दोन-तीन रात्री झोप न झाल्यावर.

ही वही घेऊन ते पुण्यात एका डॉक्टरांकडे गेले. मी सोबत होते, होस्टेलवरून थेट गेले. त्या मॅडमनी आधी वीस मिनिटं वहीच वाचली. मग भाऊला कागद-पेन दिलं. "आवाज येतात का" हे त्यांनी विचारलंच नाही. "रात्री जो 'चल वर' म्हणतो, तो बोलतो तेव्हा आई खोलीत असते का?" असते. "आईला तो ऐकू येतो का?" आई नाही म्हणते. "कान दाबल्यावर बंद होतो का?" नाही. "ट्यूब बंद केल्यावर ट्यूबचा आवाज बंद होतो?" हो. "तो सांगेल ते करावंच लागतं का?" या प्रश्नाला भाऊने खूप वेळ घेतला. मॅडम थांबल्या. कुणीच काही बोललं नाही. मग त्याने कागदावर पंख्याचा रेग्युलेटर काढला, एक ते पाच आकड्यांचा, आणि पाचावर बोट ठेवून म्हणाला, "पाचवर असला तर लागतं."

मावशी रडली. मीही. बाकी कुणाला इतक्या महिन्यांत हे विचारायचं सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही.

मॅडमनी कानांची तपासणी करायला लावली, आणि मेंदूचा आलेखही, म्हणजे ईईजी, कारण ऑटिझमसोबत फिट्सचा आजार बऱ्याच जणांना असतो आणि काही फिट्समध्येही भास होऊ शकतात. दोन्ही ठीक निघालं. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, पहिलं वाक्य म्हणजे त्रास देणाऱ्यांची आठवण, त्यावर गोळी नाही, त्यावर शाळेत जाऊन बोला. दुसऱ्याकडे मात्र मी आवाज म्हणूनच बघणार. कमी डोस, दर महिन्याला वजन, झोपेचं वेळापत्रक, गच्चीचं कुलूप तसंच. आणि थेरपी सेंटरच्या बाईंना त्यांनी समोरच फोन लावला. दोन दारांमधला तो फोन नऊ मिनिटं चालला. मी घड्याळ बघितलं होतं.

नऊ मिनिटं! ती कुणालाही आधी देता आली असती.

स्टॅनफर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी वीस जणांशी बोलून घेतलं. अमेरिकेतल्यांचे आवाज जास्त हिंसक आणि परके, तर चेन्नईतल्या बऱ्याच जणांना नात्यातली माणसं ऐकू यायची, आणि ती चक्क घरातली कामं सांगायची! ती सगळी मोठी माणसं होती आणि ऑटिझमचा तिथे संबंध नाही. पण कोण बोलतं, कोणत्या सुरात, काय करायला सांगतं, हे विचारल्याशिवाय त्यातलं काहीच कळलं नसतं. हो-नाहीच्या चौकोनात टिक करून तर नाहीच.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण घरात कुणाला उपयोग होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत ऑटिझमही आहे आणि मानसिक आजारही. १९९५ च्या जुन्या कायद्यात ऑटिझम नव्हताच. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, त्यात ऑटिझम असलेल्यांना एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. मावशीला हे दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, आपल्या भाषेत बोलता येतं. कराडला रात्री अडीच वाजता दुसरं कोण असतं?

आता आपल्याबद्दल. आपल्या मेसमध्ये कुणी जरा विचित्र वागलं की काय म्हणतात? पुण्याकडचे म्हणतात "येरवड्याला पाठवा", मुंबईकडचे "ठाण्याला". महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आपण ज्या त्या भागातून तेवढाच भूगोल शिकून आलोय. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू. फर्स्ट इयरला कॉमन रूममध्ये 'अ ब्यूटिफुल माइंड' लागला होता. जॉन नॅश म्हटल्यावर सगळ्या श्वास रोखून बघत होतो. (सिनेमात त्यांना माणसं दिसतात. खऱ्या नॅशना दिसत नव्हती, ऐकू यायची.) नोबेल मिळालेल्या माणसाला आवाज ऐकू आले तर जीनियस, आणि शाळेच्या व्हॅनमधल्या पोराला आले तर रोबो? त्या व्हॅनमधला मोठा मुलगा दोन-तीन वर्षांत कुठल्या तरी कॉलेजात इंजिनियरिंगला येईल. कदाचित आपल्याच.

आणि स्टाफपैकी कुणी वाचत असेल तर एक विनंती. आपल्याकडे काउन्सेलर आठवड्यातून एकदा, दुपारी दोन ते चार, नेमक्या प्रॅक्टिकलच्या वेळेत येतात. रूम ऑफिसच्या समोर, म्हणजे सगळ्यांदेखत आत जायचं. वेळ आणि दार, एवढं तरी बदलता येईल का? काही जणांना आपलं काय होतंय ते सांगायला चार मिनिटांपेक्षा जास्त लागतात.

भाऊचा आवाज गेलेला नाही. मॅडम म्हणाल्या, लगेच जाईल असं वचन मी देत नाही. पण तो आता रोज संध्याकाळी वहीत स्वतः आकडा लिहितो, रेग्युलेटरचा. चार किंवा पाच असेल तर आई-बाबांना उठवायचं, वेळ कितीही असो, हे त्याला नियम म्हणून आवडलं. नियम त्याला नेहमीच आवडतात. व्हॅन बंद केली, काका शिफ्ट बदलून मोटारसायकलवर सोडतात.

परवा रात्री मी खिडकीत लटकून फोन लावला. तिकडे भाऊने उचलला. सवयीने बोलून गेले, "हॅलो, आवाज येतोय का?"

बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "तुझा की त्याचा?"

"माझा रे."

"तुझा तीनवर. त्याचा एकवर."

आणि फोन मावशीला देऊन टाकला. पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने पुण्याला येतायत. वही संपत आलीय, येताना स्टोअरमधून एक दोनशे पानी आण म्हणाली. एका रेघेची.